ल्हासाहून, विन्याला

ल्हासा
कोजागरीनंतरचा आठवडा

प्रिय विन्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. इथे व्हॉट्सॲप लागत नाही, गूगल नाही, जीमेलही नाही. हॉटेलचं वायफाय झकास पळतं, पण आपल्या कामाचं त्यावर काही उघडत नाही. घरी रोज एक साधा फोन करतो, 'जेवलो, डोकं दुखत नाही' एवढं सांगतो आणि बिलाच्या धास्तीने ठेवून देतो. तुझं तेवढ्यात भागणार नाही, म्हणून खालून कागद मागून आणले. काठमांडूला परतलो की पेटीत टाकीन. इथून टाकायचं मनात नाही. का, ते पुढे तुझं तुलाच कळेल.

निघायच्या आधी तू म्हणाला होतास, "आता काय राहिलंय तिथे? सगळं चीन झालंय. त्यापेक्षा धरमशालेला जा, पाव खर्चात होईल." आल्यापासून मी तुझ्या त्या वाक्याशी भांडतोय. कधी तू जिंकतोस, कधी मी.

काठमांडूहून विमान दीड तासाचं. वाटेत एव्हरेस्ट खिडकीत आलं तेव्हा अर्धे लोक एका बाजूला लोटले आणि हवाई सुंदरी ओरडली. मग एकाएकी हिरवा रंग संपला. पावसाचे ढग हिमालयाच्या पलीकडेच अडतात, त्यामुळे इकडचे डोंगर उघडेबोडके, तपकिरी, मधूनच जांभळट. उतरायच्या वेळी खाली एक प्रचंड रुंद पात्र दिसलं, वाळूच्या बेटांमधून फाटे फुटत वाहणारं. यारलुंग त्सांगपो! हीच पुढे नामचा बारवा शिखराला वळसा घालून अरुणाचलात शिरते आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. तिच्या काठावर चक्क वाळूच्या टेकड्या आहेत. शेजारचे कोलकात्याचे दोघे भाऊ नदी बघून असे हरखले की त्यांना दलाई लामांचा पोताला महालबिहाल काही बघितलं नसतं तरी चाललं असतं.

गोंगगार विमानतळ त्या नदीच्या काठीच आहे. सामानातली पुस्तकं काढून पानं उलटून पाहिली. माझ्याकडे फक्त शब्दकोड्यांचं मराठी पुस्तक होतं. ते तपासणीवाल्या पोराने बराच वेळ उलटंसुलटं केलं, चौकोन बघितले, आणि परत दिलं. व्हिसा सगळ्यांचा मिळून एका कागदावर, त्यामुळे सुरतेचं एक जोडपं, हे दोघे भाऊ आणि मी अशी आमची गाठ पक्की बांधली गेलीय. एकत्र आत, एकत्र बाहेर. शिवाय वेगळा तिबेट परवाना. गावातल्या गावात संध्याकाळी मोकळं भटकता येतं, बाकी मठ म्हण, शहराबाहेर जाणं म्हण, गाईड पाहिजेच. परदेशी माणूस तिबेटात एकटा फिरू शकत नाही. १९६२ पर्यंत इथे आपली वकिलात होती, आता फक्त नेपाळची आहे. म्हणजे पासपोर्ट हरवला तर माझं काय होईल याचा विचार मी करत नाही.

घड्याळाची एक मजा सांगतो. अख्ख्या चीनला वेळ एकच, बीजिंगची. ल्हासा येतं साधारण गुवाहाटीच्या रेखांशावर. त्यामुळे विमान दीड तास उडालं आणि घड्याळ पावणेचार तास पुढे गेलं. सकाळी सात वाजता मिट्ट काळोख असतो, सूर्य आठाच्या सुमाराला उगवतो. हॉटेलवाले न्याहारी बीजिंगच्या वेळेला देतात आणि कबुतरं सूर्याच्या वेळेला उठतात. मी कबुतरांबरोबर.

उंची ३,६५० मीटर. कळसूबाई १,६४६. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी वर साडेतीनशे मीटर उरतात. पहिल्या दिवशी अंघोळ करायची नाही, जिना सावकाश चढायचा, पाणी पीत राहायचं, असा गाईडचा हुकूम. उंची बाधू नये म्हणून काठमांडूपासून डायमॉक्सची गोळी घेतोय, त्याने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि कोकाकोला धातूसारखा लागतो. रात्री मध्येच खडबडून जाग येते, श्वास कुठेतरी राहून गेल्यासारखा, आणि छाती धडधडत असते. बाकी दम लागतो तो बुटाची नाडी बांधताना, चालताना नाही. दुकानांत प्राणवायूचे डबे मिळतात, डासांच्या स्प्रेएवढे. वेफर्सच्या पुड्या फुगून तट्ट झालेल्या असतात. खोलीतल्या किटलीत पाणी खळाखळा उकळतं, पण ते असतं ८८ अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्या पुडीतला चहा काही मनासारखा उतरत नाही.

याच उकळत्या पाण्यावरून नैनसिंग रावत यांनी १८६६ मध्ये ल्हासाची उंची काढली होती. कुमाऊंचा शाळामास्तर, इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी व्यापाऱ्याच्या वेषात आलेला. पाणी किती अंशांना उकळतं हे गुपचूप मोजायचं आणि त्यावरून उंचीचा हिशोब करायचा. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी मोजमापांच्या चिठ्ठ्या. पकडला गेला असता तर मुंडकं उडालं असतं. मी इथे किटलीसमोर बसून चहा पांचट झाला म्हणून कुरकुरतोय.

आता शहर. विमानतळापासून साठेक किलोमीटर, बोगदे, पूल, गुळगुळीत रस्ता. आणि इथे पहिली फेरी तू जिंकलास. रुंद रस्ते, एकसारख्या इमारती, मॉल, मोबाइलची दुकानं, सिचुआनी हॉटेलांच्या रांगा, आवाज न करता अंगावर येणाऱ्या विजेच्या स्कूटर. पैसे सगळे फोनवरून, भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते. कुठल्याही मोठ्या चिनी शहराचं उपनगर वाटावं असं. सुरतेच्या काकांनी मोठ्याने विचारलं, "ल्हासा कब आयेगा?" आपण ल्हासातच होतो.

पाट्यांवर वर बारीक तिबेटी आणि खाली ठळक चिनी. तिबेटी लिपी मात्र मी सोडली नाही. सातव्या शतकात थोन्मी संभोट भारतात जाऊन ती घडवून घेऊन आला असं परंपरा सांगते, आणि अक्षरमालाही आपल्याच चालीवर आहे: क, ख, ग, ङ, मग च, छ, ज, ञ. आपण 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च एकाच अक्षराने लिहितो आणि परक्या माणसाला घाम फोडतो. ह्यांनी च च्या डोक्यावर एक छोटी शेपटी देऊन दुसऱ्या च ला वेगळं अक्षर केलंय. तेराशे वर्षांपूर्वी! आपल्याला अजून ते सुचलेलं नाही. गाईडकडून ती शेपटी शिकून घेतली, तेव्हापासून रस्त्यावरच्या पाट्यांवर तीच शोधतोय. अर्थ शून्य कळतो.

पोताला दिसला तो दोन इमारतींच्या फटीतून, क्षणभर. मग बस वळली आणि सगळा समोर. फोटोत तो डोंगरावर बांधलेला वाटतो. इथे कळतं की डोंगर कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. भिंती वर जाताना आत कलतात, खिडक्याही वर अरुंद होत जातात. तेरा मजले, हजारावर खोल्या. पाचव्या दलाई लामांनी १६४५ मध्ये काम काढलं, १६८२ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या कारभाऱ्याने मृत्यूची बातमी काही वर्षं दाबून ठेवली आणि लाल महाल पुरा करून घेतला. महाराज ध्यानाला बसलेत, भेटत नाहीत, एवढंच बाहेर सांगायचे. मंत्रालयातही असं कुणाला जमलेलं नाही.

आमचं नशीब असं की सध्या रंगकाम चालू आहे. दर वर्षी शरदात पोतालाच्या पांढऱ्या भिंती चुन्याने रंगवतात, आणि त्या चुन्यात दूध, साखर आणि मध घालतात. लोक आपणहून दूध घेऊन येतात. वर दोराला लटकलेली माणसं, खाली बादल्या आणि नळ्या. ब्रशची भानगडच नाही, भिंतीवर सरळ ओततात. चुना ओघळत खाली येतो आणि जागच्या जागी सुकतो, त्यामुळे जवळून पाहिलं तर भिंत सपाट नाहीच, थरावर थर, बोटभर जाड ओघळ. पायऱ्यांवर पांढरी पावलं. माझ्या काळ्या जाकिटावर दोन थेंब पडलेत. हिला धुऊ देणार नाही.

वरच्या बाजूला छपराखाली जो मरून रंगाचा जाड पट्टा दिसतो ना, तो मी आजवर रंग समजत होतो. त्या काटक्या आहेत, विन्या. झुडपाच्या बारीक फांद्या सोलून, वाळवून, जुड्या बांधून, टोकं बाहेर करून भिंतीत चिणलेल्या आणि मग रंगवलेल्या. भिंतीचं वरचं ओझं त्यामुळे हलकं होतं. पूर्वी असा पट्टा मठांना आणि बड्या घरांनाच मिळायचा. एका कोपऱ्यात तो हाताच्या उंचीवर आला तेव्हा मी बोट लावून बघितलं. हजारो छोट्या गोल टोकांचा खरखरीत पृष्ठभाग, आणि मध्ये एका फटीत चिमणीने पीस खोचून ठेवलेलं.

आत एक तास. घड्याळ लावून. तिकिटावर वेळ, दारावर पासपोर्ट, पाण्याची बाटली बाहेर, फोटो बंद. पाचव्या दलाई लामांचा स्तूप पाहिला, त्याला सुमारे ३,७०० किलो सोनं लागलंय म्हणतात. अंधारात लोण्याच्या दिव्यांच्या उजेडात तो पिवळा न दिसता तांबूस दिसतो. गाईड फार छान सांगतो, पहिल्यापासून तेराव्यांपर्यंत सगळं पाठ. तेराव्यांचा स्तूप झाला की तो जिना उतरायला लागतो. चौदाव्यांचं नाव ना तो घेतो ना आम्ही विचारतो. सुरतेच्या काकूंनी तोंड उघडलं होतं, काकांनी कोपर मारलं. १९५९ च्या मार्चमध्ये चौदावे ज्या नोर्बुलिंका महालातून रात्री बाहेर पडले आणि पुढे दोन आठवड्यांनी भारतात पोहोचले, तो महालही पाहिला. बागा उत्तम ठेवल्यात.

पोताला मला आवडला, पण तो आता म्युझियम आहे. दुसरी फेरीही तुझीच म्हण.

मग बारखोर.

जुन्या गावात शिरताना नाक्यावर सामान यंत्रातून जातं, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि त्या नाक्याचे फोटो काढायचे नाहीत. आत गेलं की जोखांग मंदिराभोवतीचा गोल रस्ता, साधारण एक किलोमीटर, आणि त्यावर माणसांचा प्रवाह. सगळे उजवीकडून, घड्याळाच्या दिशेने. उलट चालायचं मनातही येत नाही, इतका त्या गर्दीचा रेटा आहे. हातात चक्र फिरवणाऱ्या आज्या, ऑफिसातून सुटलेली, कानात इअरफोन घातलेली पोरं, खाम भागातले केसांत लाल सुताचे पेड गुंफलेले उंच पुरुष, आणि एक मेंढी. खाटकाकडून सोडवून आणलेली, कानात लाल गोंडा, आता मरेपर्यंत तिला कुणी कापणार नाही. ती मालकिणीबरोबर प्रदक्षिणा घालते आणि मध्येच दुसऱ्याच्या पिशवीत तोंड घालते. धूप जाळायच्या मोठ्या पांढऱ्या भट्ट्या आहेत, त्यांत रानटी जुनिपरच्या डहाळ्या आणि मूठभर जवाचं पीठ टाकतात. त्या धुराचा वास माझ्या मफलरमध्ये बसलाय.

जोखांगच्या दारासमोर लोक दंडवत घालतात. एकदोनदा नाही, शेकडो वेळा, जागच्या जागी. हात डोक्याशी, गळ्याशी, छातीशी, मग गुडघे आणि सगळं अंग दगडावर सरळ. हातात लाकडी फळ्या बांधलेल्या, त्या दगडावर सरकतात तेव्हा खर्र आवाज होतो, आणि पन्नास माणसांचा तो आवाज एकमेकांत मिसळून सतत चालू असतो. माझ्यापुढे विशीतली एक पोरगी होती. जीन्स, पुढे रेग्झिनचा ॲप्रन, बुटांच्या टोकांना चिकटपट्टी. दंडवत घालायची, उठायची, मोजणीचा मणी सरकवायची. मध्येच थांबून तिने फोन बघितला, कुणाला तरी हसून उत्तर लिहिलं, रसाच्या डब्याला नळी लावून दोन घोट घेतले, आणि पुन्हा आडवी.

तू अर्जुनी मोरगावला बँकेत होतास तेव्हा गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या ज्या आजी खातं काढायला यायच्या, थंडीत नागपूरला स्वेटर विकायला बसायच्या, त्या आठवतात? त्यांनी सांगितलं होतं, जोखांगसमोरचे दगड इतके गुळगुळीत आहेत की लहानपणी त्या त्यावर घसरून खेळायच्या. आपण मान डोलावली होती, मला वाटलं म्हातारीची आठवण, थोडी रंगवलेली. आहेत, विन्या. आरशासारखे. दुपारी त्यावर आकाश दिसतं. मी बूट काढून मोज्यावर उभा राहिलो आणि पाय सरकला.

आत लोण्याची पिशवी किंवा थर्मास घेऊन भाविकांची रांग, दर दिव्यात थोडं थोडं लोणी घालत पुढे सरकणारी. जमीन लोण्याने बुळबुळीत. मुख्य मूर्ती जोवो, बारा वर्षांच्या बुद्धाची, चिनी राजकन्या वेनचेंगबरोबर आलेली. देऊळ मात्र नेपाळच्या राजकन्या भृकुटीच्या नावाशी जोडलेलं, आणि त्याचं तोंड पश्चिमेला, नेपाळच्या दिशेला. दोघी तिबेटचा राजा सोंगत्सेन गाम्पोच्या राण्या. इथे पूर्वी तळं होतं, ते बकऱ्यांच्या पाठीवरून माती आणून बुजवलं, अशी कथा आहे.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात तुझं वाक्य फिरत होतं. लिपी भारतातली, एक राणी नेपाळची, एक चीनची. ह्याच बारखोरवर काठमांडूचे नेवार व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या दुकानं थाटून राहिले, काश्मिरी मुसलमान राहिले, त्यांची मशीद अजून आहे. म्हणजे परक्याला मज्जाव असलेलं ल्हासा हे बाहेरच्यांनी रचलेलं चित्र, गावात परके कायमच होते. पण ते आपल्या पायांनी आले आणि सौदा नाही पटला तर निघून गेले. नाक्यावर उभं राहून घरच्याच माणसाला ओळखपत्र विचारणारे ते नव्हते. हा फरक मला विसरता येत नाही, आणि काकांना तो दिसतच नाही. त्यांना रस्ते फार आवडले.

शेवटची फेरी चहाच्या दुकानात झाली. बारखोरच्या मागच्या गल्लीत मोठा हॉल, लांब बाकं, खच्चून भरलेला. आपणच कपाटातून काचेचा पेला घ्यायचा, जागा मिळेल तिथे बसायचं आणि सुट्टे पैसे टेबलावर मांडून ठेवायचे. किटली घेतलेल्या बाया फिरत असतात. पेला रिकामा दिसला की विचारत नाहीत, भरतात, आणि टेबलावरून एक युआन उचलतात. हिशोब नाही, बिल नाही, कुणी कुणाला फसवत नाही. चहा गोड, दुधाचा. तो भारत-नेपाळच्या वाटेनेच इकडे आला म्हणतात आणि चवीवरून पटतं. लोण्याचा खारा चहाही प्यालो, तो चहा म्हणून तोंडाला लावलास तर फसशील, सूप म्हणून प्यालास तर उत्तम. बरोबर तिखट लावलेले उकडलेले बटाटे.

माझ्या टेबलावर चार म्हातारे चामड्याच्या गादीवर फासे आपटत होते. दर डावाला मोठ्याने काहीतरी म्हणायचे आणि शेजारची दोन टेबलं हसायची. एकाने खुणेने विचारलं, कुठला? मी म्हटलं इंडिया. त्याने फासे खाली ठेवले, माझ्याकडे नीट बघितलं, काही बोलला नाही. मग किटलीवाल्या बाईला हाक मारून माझा पेला भरायला लावला आणि माझ्या ढिगातला युआन तिने उचलायच्या आत स्वतःचा पुढे केला. आणि परत खेळायला लागला. त्या हॉलमध्ये तासभर बसलो, एकही चिनी शब्द कानावर आला नाही. ही फेरी माझी.

सेरा मठात भिक्षूंचा वादविवाद पाहिला, टाळी वाजवत प्रश्न विचारतात ते. त्याबद्दल भेटल्यावर करूनच दाखवीन, लिहून जमणार नाही.

उद्या ग्यांत्सेकडे निघायचंय. वाटेत जवळपास ४,८०० मीटरवरची खिंड आहे आणि पलीकडे यामड्रोक सरोवर, म्हणून आज गोळी घेऊन लवकर झोपायचा हुकूम आहे. तुझ्यासाठी छुर्पी घेतलीय, याकच्या दुधाची वाळवलेली. दगड आहे नुसता, गालात धरून बसावं लागतं, तेव्हा नव्या दाताची डॉक्टरकडून परवानगी काढून ठेव. वहिनींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद, आणि हिला भेटलास तर डोकं दुखत नाही हे पुन्हा एकदा सांग, ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

धरमशालेला जाऊ ना, त्यात काय! मार्चमध्ये जाऊ. तुझ्या खर्चाने.

तुझा,
बाळ्या